सूर्याला दिलेलं जाकीट

एकवीस जूनला सकाळी साडेअकरा वाजता, बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री ऊन असताना, संग्रामने बायकोला विचारलं, "माझं जाकीट कुठं आहे गं?"

योगिनी बॅग भरत होती. तिच्या हातातल्या साडीची घडी विसकटली.

"कुठलं जाकीट?"

"कुठलं म्हणजे? मला काय दहा जाकिटं आहेत? निळं, लोकरीचं."

"का? थंडी वाजतेय तुम्हाला?"

हा प्रश्न होता, त्यामुळे खोटं बोलणं होत नव्हतं. योगिनीने मनातल्या मनात हे तपासून घेतलं. कारण त्या दिवशी पहाटे चार एकोणपन्नासपासून संध्याकाळी सहा पन्नासपर्यंत तिला खोटं बोलायची बंदी होती, आणि ही बंदी तिने स्वतःच स्वतःवर घातली होती.

याचं मूळ विजयात होतं. विजया ही तिची कॉलेजातली मैत्रीण लग्न करून इंग्लंडला गेली, आणि तिथे ओळीने उभ्या केलेल्या जुन्या दगडांच्या जवळपास राहायला लागल्यापासून ती पेगन झाली. "पेगन म्हणजे गं काय?" असं योगिनीने विचारलं तेव्हा विजया म्हणाली, "इकडचे ख्रिश्चन व्हायच्या आधीचे लोक. सूर्य, पाणी, झाडं यांना देव मानणारे." योगिनी म्हणाली, "मग आपल्याकडचेच की." तर विजया म्हणाली, "पण ते स्वतःवर काम करतात." वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस म्हणजे माणसाने कात टाकायचा दिवस, असं तिचं म्हणणं होतं, आणि कात कशी टाकायची याची एक पानभर यादी तिने पाठवली होती.

संग्रामने ती यादी वाचून पोट धरून हसून घेतलं होतं. "अगं, दक्षिणायन लागतंय! भीष्म बाणांवर पडून राहिले, पण दक्षिणायनात मेले नाहीत. आणि तू त्याच मुहूर्तावर नवा जन्म घेणार?" योगिनी कुवेतमध्ये, फहाहीलच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. रोज वीस पेशंटना "अजिबात दुखणार नाही हं" असं सांगायचं, घरी फोन आला की "आम्ही मजेत" म्हणायचं, आणि कुणीही काहीही मागितलं की "काही हरकत नाही" म्हणायचं, यात तिची कुवेतमधली नऊ वर्षं गेली होती. आपल्याला खरोखर काय वाटतं हे आपल्यालाच आठवेनासं झालंय, असं तिला हल्ली वाटे आणि त्याची तिला भीती वाटे. म्हणून ती पहाटे उठली.

यादी इंग्लंडच्या हवेला धरून केलेली होती. 'दवात भिजलेल्या गवतावर अनवाणी उभे राहा.' फहाहीलमध्ये जूनमध्ये दव कुठलं? योगिनी गच्चीवर एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात उभी राहिली. 'थंड झऱ्यात स्नान करा.' गच्चीवरच्या टाकीतलं पाणी या दिवसांत चहाला चालेल इतकं तापतं, म्हणून कुवेतमधली शहाणी माणसं उन्हाळ्यात गिझर बंद ठेवून त्यात साठलेलं पाणी थंड म्हणून वापरतात. योगिनीने गिझरच्या पाण्याने स्नान केलं. 'सूर्योदय ते सूर्यास्त असत्य बोलू नका. बोललात, तर जुना माणूस आणखी वर्षभर मानगुटीवर बसेल.' तिने हात जोडून मान्य केलं. आणि शेवटी, 'तुमच्या आयुष्यातला हिवाळा दान करा.'

योगिनीकडे हिवाळा म्हणण्यासारखी एक शाल होती, पण ती आईने दिलेली. मग तिची नजर संग्रामच्या कपाटातल्या निळ्या जाकिटावर गेली. कोपराला ठिगळ, गळ्याशी गोळे आलेली लोकर. स्वतःला सुधारायला निघाल्यावर नवऱ्याच्या वस्तूंपासून सुरुवात करायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. सव्वापाच वाजता तिने ते जाकीट खाली नेलं आणि कोपऱ्यावरच्या मशिदीच्या भिंतीला लागून असलेल्या दानपेटीत टाकलं. जुन्या कपड्यांची ती हिरवी लोखंडी पेटी माणसाहून उंच होती, आणि तिचं झाकण असं फिरतं होतं की आत टाकलेलं बाहेर म्हणून येत नसे.

"थंडीचा काय संबंध?" संग्राम म्हणाला. "पासपोर्ट आहेत त्यात. आपले दोघांचे."

योगिनी पलंगावर बसली. "जाकिटात? पासपोर्ट?"

"मग! उन्हाळ्यात कुवेतमध्ये जाकिटाला कोण हात लावणार? चोर घरात शिरला तरी लावायचा नाही." संग्राम हॉस्पिटलांमधली एक्स-रे मशिनं दुरुस्त करायचा आणि आपल्या डोक्यावर त्याचा फार विश्वास होता.

रात्री साडेनऊचं मुंबईचं विमान होतं. परवा साताऱ्यात संग्रामच्या बहिणीचा साखरपुडा. आणि यात भर अशी, की त्याच सकाळी नणंदबाईंनी साखरपुड्याच्या साडीचा फोटो पाठवून "कशी दिसतेय वहिनी?" असं विचारलं होतं, आणि योगिनीने व्रताला स्मरून लिहिलं होतं, "पिवळा रंग तुला खुलत नाही." तेव्हापासून साताऱ्याकडून अक्षर आलं नव्हतं. आता विमान चुकलं असतं, तर वहिनीने साखरपुड्यावर बहिष्कार टाकला हे सासरी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं असतं.

"मी आणते जाकीट," योगिनी म्हणाली.

"कुठनं?"

"खालून."

"खाली कशाला गेलं?"

"मी नेलं होतं सकाळी."

"हां, लाँड्रीला दिलंस होय," असं म्हणून संग्राम बाथरूममध्ये गेला. लाँड्री त्याची त्याने काढली होती. दुसऱ्याच्या मनात आपोआप उगवलेलं खोटं आपल्या नावावर जमा होतं का, हा प्रश्न योगिनीने सूर्यास्तानंतर सोडवायचा ठरवला आणि चपला घातल्या.

पेटीच्या लोखंडाला हात लावला तर चटका बसला. पेटीवर फोन नंबर होता. चार वेळा लावल्यावर एक माणूस हिंदीत बोलला. "मॅडम, चार बजे तक गाडी नहीं निकलेगी. ग्यारह से चार धूप में काम करना मना है, सरकारी कानून. चार के बाद देखेंगे, नहीं तो बुकरा." बुकरा म्हणजे उद्या. पण कुवेतमध्ये बुकरा म्हणणाऱ्याच्या मनात नेमका कुठला उद्या असतो, ते त्याचं त्यालाही माहीत नसतं.

समोरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, बिल्कीस तिच्याकडे बघत होती. बिल्कीस आणि तिचा नवरा झहूर रत्नागिरीकडचे. बिल्डिंगमधल्या सगळ्यांची दुखणी, भांडणं आणि उधाऱ्या बिल्कीसला तोंडपाठ होत्या.

"अगो, उन्हात काय उभी ऱ्हायलीस? आत ये. काय झाला?"

योगिनी आत गेली. दुसरा दिवस असता तर तिने "काही नाही, सहज" म्हटलं असतं. ती म्हणाली, "मी सकाळी सूर्यासाठी म्हणून संग्रामचं जाकीट दान केलं. त्यात पासपोर्ट आहेत."

बिल्कीसने डोक्यावरची ओढणी सारखी केली. "सूर्याला जाकीट? त्याला काय थंडी वाजत होती गो?"

झहूरने मात्र जास्त चौकशी केली नाही. दुकानाचं शटर ओढायची लांब लोखंडी आकडी त्याने उचलली आणि म्हणाला, "चला भाभी. इथं चारची वाट बघत बसाल तर विमान वर आणि तुम्ही खाली."

झहूरने पेटीचं झाकण अर्धवट धरून ठेवलं, योगिनीने आकडी आत घातली आणि बिल्कीस रस्त्याकडे लक्ष ठेवत उभी राहिली. पहिल्या खेपेला चादर आली. दुसऱ्या खेपेला लहान मुलाचा फ्रॉक. मग एक अबाया, म्हणजे काळा बुरखा, मग एकाच पायाची चप्पल, मग पडद्याचं कापड. पेटी आदल्या रात्रीच रिकामी झालेली, त्यामुळे जाकीट सगळ्यांत आधी पडलेलं, म्हणजे सगळ्यांत खाली. योगिनीच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. पायाशी कपड्यांचा ढीग वाढत होता.

"बस कर गो," बिल्कीस एकदम पुटपुटली. "पोलीस."

गस्तीची गाडी पेटीला लागून थांबली. आतून एक तरुण हवालदार उतरला. त्याने टोपी डोक्यावर घट्ट बसवली, आकडीकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं. दानपेटीतले कपडे चोरून विकणाऱ्यांच्या तक्रारी त्या भागात होत होत्या, हे योगिनीलाही ठाऊक होतं.

"बताका," तो म्हणाला. योगिनीने फोनवर ओळखपत्र काढून दाखवलं.

"ये कपडा तुम्हारा?" त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं.

"नहीं."

बिल्कीसने कपाळावर हात मारला.

"पेटी में डाला, या पेटी से निकाला?"

"सुबह डाला. अभी निकाल रही हूँ."

"लेश?" म्हणजे का.

"नई बनने के लिए," योगिनी म्हणाली. हवालदाराने झहूरकडे बघितलं. झहूरने आकडीकडे बघितलं.

"अगो, तुझ्या पाया पडते," बिल्कीस दात आवळून मराठीत म्हणाली. "एक शब्द बोल. चुकून पडला, खलास! सोडेल तो."

योगिनीला तो शब्द जिभेच्या टोकावर आलेला जाणवला. किती सोपा होता! नऊ वर्षं तिने असेच सोपे शब्द वापरले होते. पोलीस ठाण्यात नेलं तर विमान गेलं, साखरपुडा गेला, सासर गेलं. ती म्हणाली, "चुकून नाही पडलं, बिल्कीस. मी मुद्दाम टाकलं." आणि तेच तिने हवालदाराला हिंदीत सांगितलं. वर हेही सांगितलं, की जाकीट नवऱ्याचं आहे आणि नवऱ्याला विचारलेलं नाही.

"नवऱ्याला बोलाव," हवालदार म्हणाला.

संग्राम बनियनवर शर्ट अडकवत, घरातल्या सपाता घालूनच खाली आला. बायको, पोलीस, आकडी आणि कपड्यांचा ढीग हे सगळं एकत्र बघून तो मशिदीच्या सावलीतच थांबला. योगिनी त्याच्याजवळ गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

"माझं जाकीट दिलंस?" तो हळू आवाजात म्हणाला. "मला न विचारता?"

"हो."

"का?"

"मला ते आवडत नाही. कधीच आवडलं नव्हतं."

"आयला! बघायला आलो तेव्हा तेच घातलं होतं. तू म्हणाली होतीस, छान दिसतंय!"

"खोटं बोलले होते."

संग्रामचा चेहरा पडला. योगिनीला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याबद्दल पुन्हा वाईट वाटलं. तेवढ्यात हवालदाराने विचारलं, "तुमने इसको बोला था, जाकीट दे दो?"

संग्रामने बायकोकडे एकदा बघितलं. कितीही रागावला तरी तो नवरा होता. छाती पुढे काढून तो म्हणाला, "हां सर. मैंने ही बोला था. पासपोर्ट निकालना भूल गया. मेरी गलती."

"नहीं बोला था," योगिनी म्हणाली.

"अगं, मी तुला वाचवतोय!"

"कळतंय मला. पण तुम्ही नव्हतं सांगितलं."

हवालदाराने डोळे मिटून घेतले. नवरा खोटं बोलतोय आणि बायको काही केल्या बोलत नाही, अशी केस त्याच्या नोकरीत बहुधा आली नसावी. तो म्हणाला, कपडे सगळे परत आत टाका. आकडी दुकानात ठेवा. चार वाजता गाडी येईल तेव्हा मी स्वतः येतो. जाकीट निघालं तर तुमचं. नाही निघालं तर तुम्ही दोघं माझ्याबरोबर ठाण्यावर.

"सर, गाडी जरा लवकर..." संग्रामने म्हणून बघितलं.

"अकरा ते चार बंदी," हवालदार म्हणाला आणि एसी सुरू असलेल्या गाडीत जाऊन बसला.

पुढचे तीन तास त्यांनी बकाल्यात दह्याच्या फ्रीजला पाठ लावून काढले. संग्राम दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता. सव्वाएकला साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. "निघायची सगळी तयारी झाली ना गं?" योगिनी म्हणाली, "आई, बॅगा तयार आहेत," आणि जास्त काही विचारायच्या आत फोन संग्रामच्या हातात दिला. बिल्कीसने ताक पाजलं. झहूर म्हणाला, "भाभी, तुमच्या इंग्लंडवाल्यांचा मला कळत नाय. पण आजचा दिवस खुशीचा खरा. उद्यापासून सूर्य उतरणीला लागला. आपल्याला एवढा बस." संग्रामला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. तो जाकिटासाठी रुसलेला होता.

चार वाजून बारा मिनिटांनी गाडी आली. हवालदारही आला. ड्रायव्हरने कुलूप काढलं आणि पेटीचं पोट उघडलं. चादरी, फ्रॉक, अबाया, पडदे असं सगळं रस्त्यावर आलं, आणि शेवटी, पार तळातून, निळी बाही दिसली.

संग्राम झेपावला, पण हवालदाराने जाकीट आधी उचललं. खरंच यांचंच आहे का, हे त्याला बघायचं होतं. त्याने आतल्या खिशात हात घातला. एक पासपोर्ट. दुसरा पासपोर्ट. योगिनीचा जीव भांड्यात पडला. मग त्याच खिशातून एक घडी घातलेला कागद निघाला.

"तो राहू द्या सर, तो काही नाही," संग्राम घाईने म्हणाला.

हवालदाराने कागद उलगडला. वर इंग्रजीत पुण्याच्या एका क्लिनिकचं नाव होतं. खाली चोवीस जूनची, दुपारी बाराची वेळ. आणि त्याखाली एका माणसाच्या डोक्याचा वरून घेतलेला फोटो. टाळूवर विरळ झालेल्या जागेभोवती जांभळ्या पेनाने कुंपण घातलेलं, आणि कुंपणात बारीक बारीक ठिपके, भाताची रोपं लावायची असावीत तसे.

योगिनीने तो फोटो बघितला. मग नवऱ्याचं डोकं बघितलं. ते तिने नऊ वर्षं बघितलं होतं, ओळखायला वेळ लागला नाही.

"चोवीसला तुमचं पुण्यात मशिनचं ट्रेनिंग होतं ना?" ती म्हणाली.

संग्रामचे कान लाल झाले होते.

"आणि मी नवी व्हायला निघाले तर तुम्ही भीष्मांना मध्ये आणलंत!"

"ते वेगळं," संग्राम म्हणाला. "हे सायन्स आहे."

हवालदाराने इकडेतिकडे बघितलं. ड्रायव्हर कपडे भरण्यात गुंतला होता. मग त्याने हळूच डोक्यावरची टोपी काढली. वय तिशीच्या आतलं, पण माथ्यावर उन्हाने चकचकणारं मैदान होतं. त्याने संग्रामला बाजूला घेतलं आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "डॉक्टर ज़ैन? मतलब, अच्छा है?" संग्रामने मान डोलावली. हवालदाराने फोनवर त्या कागदाचा फोटो काढला, टोपी घातली, पासपोर्ट आणि कागद जाकिटात परत ठेवून जाकीट संग्रामच्या हातात दिलं आणि म्हणाला, "यल्ला, चलो. विमान पकडो."

सव्वासहाला ते टॅक्सीत बसले. बिल्कीसने खिडकीतून डब्यात घातलेली सांदणं दिली आणि योगिनीच्या कानात म्हणाली, "पुढच्या साली सूर्याला काय द्यायचा असेल तर आधी खिसे बघ गो." गाडी हमरस्त्याला लागली. डाव्या हाताला वाळूवर सूर्य उतरत होता, तांबडा आणि बराच नरम पडलेला. संग्रामच्या मांडीवर ते जाकीट होतं.

"योगिनी," तो शेवटी म्हणाला, "एक विचारू? आज तू खोटं बोलत नाहीस म्हणून विचारतो. असा, आहे असा, मी वाईट दिसतो का गं?"

योगिनी त्याच्याकडे वळली. विरळ झालेले केस, उन्हाने भाजलेलं कपाळ, नाकाच्या शेंड्यावर पेटीची धूळ. दुपारी आपल्यासाठी छाती काढून खोटं बोलताना हाच चेहरा कसा दिसत होता, ते तिला आठवलं. आज दिवसभर तिने तोंडाला आलं ते खरं बोलून टाकलं होतं. या एका गोष्टीत मात्र तिला घाई करायची नव्हती. हे उत्तर तिला नीट, आतून शोधून द्यायचं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, बघत राहिली, आणि तिला उत्तर सापडलं. असं काही तिने त्याला नऊ वर्षांत सांगितलं नव्हतं.

"नाही हो," ती म्हणाली. "मला तुम्ही आहात तसेच छान दिसता. अगदी मनापासून सांगते. एक केस नको लावायला."

संग्राम क्षणभर खुलला. मग त्याने खिडकीबाहेर बघितलं. सूर्य बुडाला होता, वाळूच्या कडेवर आता नुसता तांबूस रंग उरला होता. त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"सहा एक्कावन्न," तो म्हणाला, आणि जाकिटाच्या खिशातला कागद नीट घडी घालून पाकिटात ठेवला.